वाचलेल्याचे प्रायश्चित्त

बीड जिल्ह्यात कोणी औषध प्यायले आणि अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या सरकारी दवाखान्यातून जिवंत घरी आले, की भेटायला येणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो: देवाने दुसरा जन्म दिला. वाक्य मायेने बोललेले असते आणि त्यात खोटे काही नाही. मरणाच्या दारातून माणूस परत येणे ही कोणत्याच काळात आणि कोणत्याच श्रद्धेत साधी गोष्ट मानलेली नाही. पण हे वाक्य नकळत आणखी एक काम करून जाते. जन्म देवाने दिला म्हटले, की पुढचे देवाने आणि ज्याच्या त्याच्या नशिबाने पाहून घ्यावे असा अर्थ त्यातून निघतो, आणि जमलेली माणसे चहा घेऊन उठतात. मरणातून ओढून आणलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य कोणाच्या जबाबदारीवर असते, हा प्रश्न तिथेच राहून जातो. तो वैद्यकाला विचारता येतो, धर्मशास्त्राला विचारता येतो आणि कायद्यालाही. तिघांची उत्तरे शेजारी ठेवली तर असे दिसते की जीव वाचवणे एका रात्रीत संपत नाही. ते काही वर्षांचे कर्तव्य आहे, आणि त्याचा मोठा वाटा वाचलेल्यावर नसून त्याला परत आणणाऱ्या समाजावर आहे.

सरकारी कागदावर हा माणूस जवळजवळ कुठेच नसतो. मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांची जिल्हावार नोंद छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्त कार्यालयात जमा होते. २०२३ साली तो आकडा १,०८८ होता आणि त्यातले २६९, म्हणजे आठ जिल्ह्यांत सर्वाधिक, एकट्या बीडमधले होते. प्रत्येक मृत्यूमागे न मेलेल्यांचे कितीतरी अधिक प्रयत्न असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आठवड्याला, महिन्याला, वर्षाला जी यादी वर जाते ती फक्त मृतांची. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र ठरलेल्या मृत शेतकऱ्याच्या वारसाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पात्र-अपात्र ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसते, सातबारा, कर्ज, थकबाकी तपासली जाते. ही मदत चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. मागे राहिलेल्या बाईला तीही अनेकदा झगडूनच मिळते, आणि कर्ज तर तिच्या माथी तसेच राहते. मुद्दा वेगळा आहे. त्याच कर्जाखाली, त्याच दुष्काळात, त्याच बांधावर कोसळलेला पण वाचलेला माणूस कोणत्याही समितीपुढे येत नाही. तो वाचला, म्हणजे प्रश्न सुटला, असे धरले जाते. या धारणेला वैद्यकात काहीच आधार नाही.

शेतात सर्रास मिळणारी अनेक कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात. नस आणि स्नायू यांच्यामध्ये निरोप पोहोचल्यावर तो थांबवणारे एक विकर शरीरात असते. हे विष त्यालाच बांधून ठेवते. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला फेस येतो, छाती भरते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. ॲट्रोपिन चालू होते, गरज पडली तर व्हेंटिलेटर लागतो, आणि दोन दिवसांनी माणूस डोळे उघडतो. नातेवाईक बाहेर नारळ फोडायच्या तयारीत असतात. त्याच वेळी आत डॉक्टर रुग्णाला एक साधी गोष्ट करायला सांगतात: उशीवरून डोके वर उचला. डोके उचलले जात नसेल तर धोका टळलेला नाही, कारण मानेपाठोपाठ श्वासाचे स्नायूही दगा देण्याची शक्यता असते. पहिल्या एक ते चार दिवसांत येणारी ही अवस्था श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये प्रथम नीट वर्णन करून जगापुढे ठेवली. तीही पार पडली, सुट्टी मिळाली, की दोन-तीन आठवड्यांनी काहींच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात, तळपायाला मुंग्या येतात, पाऊल उचलेनासे होते. चप्पल पायातून निसटते आणि मागे वळून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. पुढे हाताची पकडही सैल होते. हा उशिरा येणारा लुळेपणा नवा नाही. १९३० मध्ये अमेरिकेत दारूबंदीच्या काळात आल्याच्या भेसळयुक्त अर्कातून याच कुळातले रसायन पोटात गेले आणि हजारो माणसे पायांनी अधू झाली. याखेरीज विषबाधेत मेंदूला प्राणवायू किती वेळ मिळाला नाही यावर पुढची स्मरणशक्ती, एकाग्रता, चिडचिड, झोप हे सगळे अवलंबून असते. फार दिवस नळी राहिलेल्या काहींची श्वासनलिका आतून आकसते आणि काही आठवड्यांनी जिना चढताना शिटी वाजल्यासारखा श्वास येऊ लागतो. घरच्यांना तो दमा वाटतो.

हे सगळे प्रत्येकाला होत नाही. बरेचजण शरीराने पूर्ण बरे होतात, हेही तितकेच खरे आणि सांगण्यासारखे आहे. पण ज्याला होते त्याचा हिशेब बीडच्या संदर्भात मांडून पाहावा. इथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, दिलेली असते. ऊस बुडातून छाटायला हाताची पकड लागते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायला पाऊल नेमके पडावे लागते. ज्याच्या हातातून कोयता सुटतो आणि ज्याला आपले पाऊल कुठे पडले ते कळत नाही, तो टोळीत कुठे बसतो? ज्या आर्थिक कोंडीने त्याला त्या रात्रीपर्यंत आणले, ती आता आणखी आवळलेली असते, वर दवाखान्याचा खर्च आणि गावातली कुजबुज. म्हणजे मूळ कारण जागेवर आहे आणि त्याला तोंड देण्याची ताकद कमी झाली आहे. याला वाचणे म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ फार तोकडा करावा लागेल.

दुसऱ्या एका विषाबाबत जगाला हाच धडा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मिळाला. अमेरिकेत अफूवर्गी वेदनाशामके, हेरॉइन आणि आता फेंटानिल यांच्या अतिमात्रेने माणसे मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा नॅलोक्सोन हे उतारा-औषध पोलिसांपासून ग्रंथपालांपर्यंत सगळ्यांच्या हाती दिले गेले. निळा पडलेला माणूस दोन-तीन मिनिटांत श्वास घेऊ लागतो, यापेक्षा मोठा चमत्कार कोणता? पण नंतर वाचलेल्यांचे काय झाले हे पाहिले गेले. अफूवर्गी द्रव्य मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच झोपवते. तेवढ्या वेळात मेंदू प्राणवायूवाचून राहतो, आणि विसराळूपणा, गोंधळ, चालीतला अडखळलेपणा मागे राहू शकतो. काहींच्या बाबतीत तर शुद्धीवर येऊन बरे वाटल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मेंदूचा पांढरा भाग झिजू लागतो. बेशुद्धीत एकाच कुशीवर तासन्‌तास पडल्याने स्नायू चेपून मूत्रपिंडावर ताण येतो, उलटी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०११ ते २०१५ या काळात अतिमात्रेवर उपचार होऊन आपत्कालीन विभागातून घरी गेलेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षभरात शंभरातले पाचहून अधिक मरण पावल्याचे दिसले, आणि त्या मृत्यूंपैकी सुमारे पाचवा भाग पहिल्या महिन्यातच झालेला होता. विष निराळे, देश निराळा, माणसाने ते घेण्यामागचा हेतूही बहुतेक वेळा निराळा. तरी निष्कर्ष एकच आहे: श्वास परत आला त्या क्षणापासून सर्वांत नाजूक काळ सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वेळी सगळे पांगतात.

आपल्या जुन्या वैद्यकाला ही गोष्ट अनोळखी नव्हती. सुश्रुताच्या कल्पस्थानात आणि चरकाच्या विषचिकित्सेत दूषीविषाची कल्पना आहे. जे विष पूर्ण बाहेर पडलेले नाही, उताऱ्याने नुसते मंदावले आहे, ते माणसाला लगेच मारत नाही. शरीरात दडून वर्षानुवर्षे राहते आणि प्रतिकूल देश, काळ, आहार मिळाला की पुन्हा उसळते, असे ते सांगतात. यावरून त्यांना आजची रसायने ठाऊक होती असा दावा करण्याचे कारण नाही, तसा दावा हास्यास्पद ठरेल. त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे ती दृष्टी. रुग्ण उठून बसला म्हणजे विषाची गोष्ट संपली असे त्यांनी मानले नाही, आणि पुढे काय होईल हे रुग्णाच्या भोवतालच्या परिस्थितीवर ठरते हेही त्यांनी मान्य केले. चरकाने तर चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. शुश्रूषा करणारा माणूस हा उपचाराचा पाव हिस्सा आहे, तो शिष्टाचाराचा भाग नाही. आपल्या जिल्ह्यातल्या वाचलेल्या माणसाला पहिले दोन पाय कसेबसे मिळतात. तिसरा पाय सुट्टीच्या कागदावर सही झाली त्या दिवशी निखळतो.

आता धर्मशास्त्राकडे वळले पाहिजे, कारण गावातली कुजबुज त्याच्याच नावाने चालते. आत्मघात हे महापाप आहे असे स्मृतींनी म्हटले आहे, आत्मघातक्याला अंत्यसंस्कार आणि तिलोदक नाकारणारी वचनेही आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही. पण तीच शास्त्रे आणखी एक गोष्ट करतात, जी आजची यादी करत नाही: ती वाचलेल्याला ओळखतात. वसिष्ठ धर्मसूत्रात आत्मघाताचा प्रयत्न करून जिवंत राहिलेल्यासाठी बारा दिवसांचे कृच्छ्र व्रत आणि त्यानंतर तीन दिवसांचे उपोषण सांगितले आहे. पाण्यातून, फासातून, विषातून परत आलेल्यांचा एक स्वतंत्र वर्गच पुढच्या स्मृतिवचनांत आहे आणि त्यांच्यासाठी चांद्रायणासारखी व्रते नेमलेली आहेत. नुकतेच विष पोटातून गेलेल्या माणसाला उपास करायला लावणे आज क्रौर्य वाटेल, आणि ते तसे आहेच. तरी या विधीचा गाभा पाहावा. प्रायश्चित्ताला शेवट असतो. पंधरा दिवस, महिना, व्रत पुरे झाले की माणूस शुद्ध. त्यानंतर त्याला पंगतीत घ्यायचे, त्याच्याशी व्यवहार करायचा, आणि मागचे काढायचे नाही. आज व्रत कोणी सांगत नाही, पण कलंक मात्र मुदतीविना चालू राहतो. सोयरिकीच्या बोलण्यात दहा वर्षांनीही 'त्या घरातल्या एकाने औषध घेतलं होतं' हे निघते, आणि मुलीच्या लग्नाला ते नडते. शिक्षा ठेवली आणि तिची मुदत काढून टाकली, असा हा व्यवहार आहे. इतके कठोर तर स्मृतिकारही नव्हते.

पापाच्या कल्पनेतही आपली परंपरा आपण समजतो तेवढी एकसुरी नाही. ईशावास्य उपनिषदात आत्मघात करणारे अंधाऱ्या लोकांत जातात असे सांगितले आहे, आणि हा मंत्र आत्महत्येच्या निषेधासाठी सर्रास वापरला जातो. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ वेगळा लावला. आत्मघातकी म्हणजे अज्ञानी, जो आपल्यातल्या आत्म्याकडे आयुष्यभर पाठ फिरवतो तो. या अर्थाने पाहिले तर स्वतःचा जीव घेणाऱ्यापुरता हा शब्द उरत नाही. स्वतःत आणि दुसऱ्यात असलेले तेच तत्त्व न ओळखणारे सगळेच त्यात येतात. परंपरेने आद्यकवी मानलेल्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळ आहे, आणि त्यांचा विवेकसिंधू हा ग्रंथ याच अद्वैताची मांडणी मराठीत करतो. अद्वैत जर खरे मानायचे, तर शेजाऱ्याचे दुःख हे ज्याचे त्याचे, असे म्हणण्याची सोय राहत नाही. मुकुंदराजांच्या गावाला, मराठवाड्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक जिथे आहे त्या गावाला, हा विचार परका नसावा.

दुसऱ्या जन्माच्या भाषेलाही याच कसोटीवर घासून पाहता येते. आपल्याकडे दुसरा जन्म ही कल्पना आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर एक व्यवस्था आहे. मुंजीने दुसरा जन्म होतो, तर लगेच गुरू मिळतो, भिक्षा मिळते, वागण्याचे नियम मिळतात. संन्यास घेणारा तर जिवंतपणी स्वतःचे श्राद्ध करतो. आधीचा माणूस मेला असे मानून नवे नाव घेतो. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते स्वामी रामानंद तीर्थ असेच आपले पूर्वायुष्य मागे टाकलेले संन्यासी होते आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतेही. स्वतःच्या मरणानंतर जगणाऱ्या अशा माणसाला समाजाने उपाशी ठेवले नाही. त्याच्या झोळीत भाकरी घालणे हा गृहस्थाचा धर्म ठरवला. साध्या जन्माचेही तेच आहे. बाळ जन्मले की बारशापर्यंत आणि त्यापुढे कितीतरी दिवस घरात कोणाला उसंत नसते. देवाने दिले म्हणून कोणी ते पाळण्यात सोडून शेतावर जात नाही. म्हणून औषध घेतलेल्याचा दुसरा जन्म झाला असे म्हणणाऱ्याने त्या वाक्याचा पुढचा भागही मान्य केला पाहिजे: जन्म झाला असेल तर पालक हवेत.

बीड जिल्ह्यात तरी अशा पालकत्वाचा दाखला शोधायला दूर जायला नको. परळीच्या वैजनाथाची स्थानिक कथा समुद्रमंथनाशी जोडलेली आहे. मंथनातून आलेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने या लिंगात लपवले असे तिथे सांगतात. त्याच मंथनातून आधी हलाहल निघाले आणि शंकराने ते प्यायले. या कथेकडे आपण शंकराच्या सामर्थ्याची गोष्ट म्हणून पाहतो, पण ती विष पिऊन वाचलेल्याची गोष्ट आहे असेही वाचता येते, आणि तसे वाचले की तिच्यातले तपशील उठून दिसतात. देव असूनही विष त्याच्या शरीरातून निघून गेले नाही; गळा कायमचा निळा राहिला. लोककथेत पार्वतीने त्याचा गळा हाताने धरून ठेवला, म्हणजे तो एकटा वाचला नाही. आणि पिंडीवर अखंड गळती लावतात, श्रावणात अभिषेक करतात, बेल वाहतात, ते त्या विषाचा दाह शमावा म्हणून, अशी भाविकांची समजूत आहे. युगे लोटली तरी ही शुश्रूषा कोणी बंद केलेली नाही, आणि त्या निळ्या गळ्याला कलंक म्हणण्याचे धाडसही कोणी केलेले नाही. परळीच्या रांगेत उभा राहणारा भाविक आणि गावात औषध प्यायलेल्याच्या घरावरून मान फिरवून जाणारा शेजारी हा एकच माणूस असेल, तर त्याच्या भक्तीत कुठेतरी विसंगती आहे हे त्याला सांगायला हवे.

यावर पहिला आक्षेप कर्माचा येतो. ज्याचे त्याचे प्रारब्ध. भोग कोणाला चुकले? प्रारब्ध हे सुटलेल्या बाणासारखे असते, ज्ञान्यालाही ते भोगावे लागते, हा विचार वेदान्तातच आहे. मान्य. पण श्रीलंकेत १९९५ नंतर सर्वांत घातक कीटकनाशके एकामागून एक बाजारातून काढून घेतली गेली, आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. काही राजपत्रांनी हजारो माणसांची प्रारब्धे बदलली असे म्हणायचे, की जे प्रारब्ध वाटत होते ते बरेचसे मांडणीवर ठेवलेल्या बाटलीत होते असे म्हणायचे? श्रीलंकेतल्याच अभ्यासात विष घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मनात विचार आल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच ते केले होते, असे आढळले. जन्मोजन्मीच्या कर्माचे फळ अर्ध्या तासावर अवलंबून असेल, तर त्या अर्ध्या तासात मध्ये येणाऱ्या माणसाचे कर्मही तेवढेच निर्णायक आहे. कर्मसिद्धान्त भोगणाऱ्याला दिलासा म्हणून सांगितला जावा. बघणाऱ्याला सुटका म्हणून तो वापरणे हा त्या सिद्धान्ताचाच अपमान आहे, कारण त्याच्या मते न केलेली मदतही कुठेतरी जमा होत असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. माणसाने स्वतः निर्णय घेतला. त्याला परत आणणे हीच त्याच्यावरची जबरदस्ती नव्हे काय? आपल्या परंपरेत स्वेच्छेने देह ठेवण्याला मान आहे. ज्ञानेश्वरांची आळंदीची समाधी, जैनांची सल्लेखना, सावरकरांचे १९६६ मधले प्रायोपवेशन, विनोबांचा १९८२ मधला पवनारचा देहत्याग, ही उदाहरणे दिली जातील. पण त्यांतली एकही गोष्ट रात्रीच्या अंधारात, बँकेच्या नोटिशीनंतर, कोणाला न सांगता झालेली नाही. तो देहत्याग जाहीर होता, सावकाश होता, आणि करायचे ते करून झाल्याच्या भावनेतून होता. मध्येच विचार बदलायला त्यात वाव होता. सल्लेखनेला तर गुरूची अनुज्ञा लागते. शिवाय एक कठीण पुरावा समोर आहे. एकदा प्रयत्न करून वाचलेल्यांचा पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तर दहातले नऊ जण नंतर आत्महत्येने मरत नाहीत. मरणाची इच्छा हा त्यांचा स्थिर निर्णय असता तर हे प्रमाण उलटे दिसले असते. म्हणजे वाचवणाऱ्याने त्यांच्या इच्छेविरुद्ध काही केले नाही. त्यांच्यातल्या टिकणाऱ्या इच्छेला वेळ मिळवून दिला. मात्र उरलेला दहावा माणूसही विसरता येत नाही. मागचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याची सर्वांत ठळक खूण असतो, आणि तो धोका कमी करता येतो की नाही यावरच तिसरा आक्षेप उभा आहे.

तो असा: इतक्या लोकांमागे कोण फिरणार, पैसा कुठून येणार, आणि वाचलेल्यांचे लाड केले तर आणखी चार जण तसे करणार नाहीत का? याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या एका साध्या प्रयोगात आहे. चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधले कांपिनास, इराणमधले करज आणि चीनमधले युनचेंग इथल्या रुग्णालयांत आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याखेरीज सुट्टीच्या वेळी तासभर बसून समजावून सांगितले आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली. दीड वर्षाने पहिल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही, रोख अनुदान नाही. नऊ वेळा कोणीतरी 'कसं काय चाललंय' असे विचारले. यात लाड कुठे आहेत? आणि विचारपुशीने आत्महत्या वाढत असत्या, तर आकडे उलट दिशेला गेले असते. बीडसारख्या जिल्ह्याला याहून परवडणारा उपाय मिळणार नाही, कारण विचारपूस करण्याची यंत्रणा इथे आधीच उभी आहे: प्रत्येक गावात आशाताई आहे, आणि २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी आणि समुपदेशन यांची तरतूदही आहे.

कायदाही आता याच बाजूला आला आहे, फक्त ते गावापर्यंत पोहोचलेले नाही. दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते कलम रद्द ठरवले आणि १९९६ मध्ये पुन्हा वैध ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने मात्र गणितच बदलले. असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायचे, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याला उपचार, काळजी व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे ते म्हणते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ चा वारसा उरलेलाच नाही. सरकारी नोकराला काही करायला किंवा करण्यापासून रोखायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा शिक्षेस पात्र आहे. तरीही दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले की घरचे चुकून पोटात गेले असे सांगतात, आणि त्या एका खोट्यामुळे पुढची सगळी मदत बंद होते, कारण चुकून विष पोटात गेलेल्या माणसाला समुपदेशनाची गरज कोणाला वाटणार? खटल्याची भीती कायद्याने काढली. ती गेली आहे हे प्रत्येक वॉर्डात, मराठीत, स्पष्ट सांगणे हे मात्र माणसांचे काम आहे.

तेव्हा प्रायश्चित्त घ्यायचेच असेल तर ते कोणी आणि कसे घ्यायचे, हे आता सांगता येते. सुट्टीच्या कागदावर तीन आठवड्यांनी पायांची, मानेची आणि श्वासाची तपासणी ठळक अक्षरांत लिहिलेली असावी, आणि त्या तारखेला रुग्ण आला नाही तर आशाताईने त्याचे घर गाठावे. अठरा महिन्यांत नऊ भेटी, याचा हिशेब मृतांच्या यादीइतक्याच काटेकोरपणे जिल्ह्याच्या ठिकाणी जमा व्हावा. हात-पाय अधू झालेल्याला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि बसून करता येण्यासारखे काम मिळवून द्यायला ग्रामपंचायतीने पुढे यावे. मुकादमाने त्याच्या उचलीचा तगादा वर्षभर थांबवावा. नारायणगड, गहिनीनाथगड यांसारख्या धार्मिक गडांचा आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांचा शब्द इथे जेवढा मानला जातो तेवढा कोणत्याही फलकाचा मानला जात नाही. तेव्हा कीर्तनकाराने आत्महत्या पाप आहे हे सांगून थांबू नये, वाचलेल्याच्या घरी सोयरीक करणे हे पुण्य आहे हेही त्याच दमात सांगावे. आणि ज्याच्या मनात आज असा विचार येतो आहे त्याला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्री विनामूल्य उपलब्ध आहे, हे मंदिराच्या भिंतीवरही लिहावे. यांतले एकही काम चांद्रायणाइतके कठीण नाही. धर्मशास्त्राने प्रायश्चित्त वाचलेल्यावर टाकले, कारण अपराध त्याचा आहे असे त्याने धरले. पुरावा पाहता त्या रात्रीतला त्याचा वाटा फार थोडा होता आणि पुढच्या वर्षांतला आपला वाटा फार मोठा आहे. व्रत बदलायचे नसेल तर निदान ते धरणारा तरी बदलावा.